दुधाचे बिल आणि दुधाचा पेला

गेल्या महिन्यात फोंड्यातल्या एका वाचनालयात बालसंरक्षणावर चर्चा ठेवली होती. दोन तास चालली आणि त्या दोन तासांत दोनच गोष्टी उलटसुलट बोलल्या गेल्या. एका बाजूचे म्हणणे, महिला व बाल विकास खाते निकामी झाले आहे, अधिकाऱ्यांना घरी पाठवा. दुसऱ्या बाजूला या क्षेत्रात हयात घालवलेल्या एक निवृत्त बाई होत्या. त्या कळवळून सांगत होत्या की तुटपुंज्या माणसांवर आम्ही काय काय निभावतो ते बाहेरच्यांना दिसत नाही, आणि आता बाहेरचे येऊन आमची तपासणी करणार म्हणजे आमच्या निष्ठेवरच शंका. दोन्हीकडे पोटतिडीक होती आणि दोन्हीकडे पुरावा नव्हता. 'निकामी' म्हणणाऱ्यांना कोणीतरी विचारले, गेल्या पाच वर्षांत किती मुलांचे नुकसान झाले? उत्तर नव्हते. बाईंना विचारले, किती मुलांचे भले झाले? त्यांच्याकडेही नव्हते. खात्यावर खटला भरायचा की खात्याचा सत्कार करायचा, एवढ्यावर आम्ही भांडत होतो, आणि खात्याच्या हाती सोपवलेल्या मुलांचे पुढे काय झाले हे त्या सभागृहात एकालाही ठाऊक नव्हते.

माझे मत आधीच सांगतो. गोव्यात मुलांच्या काळजीची जबाबदारी ज्या यंत्रणेने घेतली आहे तिचे, म्हणजे महिला व बाल विकास संचालनालयाचे, निराधार मुलांना कुठे ठेवायचे ते ठरवणाऱ्या बाल कल्याण समित्यांचे, मेरशीच्या 'अपना घर' या सरकारी बालगृहाचे आणि नोंदणी झालेल्या प्रत्येक बालगृहाचे, ठरावीक मुदतीने स्वतंत्र कामगिरी-लेखापरीक्षण व्हायला हवे. ते कायद्याने सक्तीचे हवे. ते करणारी माणसे खात्याने निवडलेली नसावीत, त्यांचे मानधन खात्याच्या तिजोरीतून जाऊ नये आणि त्यांचा अहवाल खात्याच्या उत्तरासह विधानसभेच्या पटलावर यावा. मुख्य म्हणजे हे काही अघटित घडल्यावर चौकशी म्हणून नको. काहीही घडलेले नसताना, सुखाच्या दिवसांत, नेमाने व्हायला हवे.

माझी नोकरी हिशेब तपासण्यात गेली, म्हणून 'लेखापरीक्षण' हा शब्द मी जपून वापरतो. उमेदवारीच्या काळात एका वसतिगृहाच्या अनुदानाचे हिशेब तपासायला मला पाठवले होते. दुधाची बिले होती, त्यांवर अधीक्षकाची सही होती, पुरवठादाराची पावती होती, रोकडवहीत नोंद होती. लिटर आणि रुपये पैशापर्यंत जुळले. दुपारी मुलांच्या हाती दुधाचे पेले होते, तेही मी डोळ्यांनी पाहिले. निघताना आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "सर, तुमी फाल्यांय येतले?" मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, 'आक्षेप नाही' असा शेरा मारून सही केली आणि बस पकडली. बाणस्तारीचा पूल आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी उद्या येणार का, हे तो माझ्या मायेने विचारत नव्हता. उद्या दूध मिळणार का, हे विचारत होता. मी परत गेलो नाही. माझ्या कामाच्या चौकटीत परत जाणे बसतच नव्हते. मला बिले तपासायला पाठवले होते, मुले तपासायला नव्हे. ही गोष्ट मी आजवर फार थोड्यांना सांगितली आहे. कामगिरी-लेखापरीक्षण म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. बिल खरे आहे का, हा हिशेबनिसाचा प्रश्न. पेला रोज भरतो का, आणि भरत नसेल तर वाटेत काय अडते, हा कामगिरीचा प्रश्न.

गोव्याला हे नव्याने सांगावे लागू नये. १९९१ साली मडगावात फ्रेडी पीट्सला अटक झाली. तो 'गुरुकुल' नावाचे अनाथालय चालवत होता, लोकांत त्याला मान होता, देणग्या मिळत होत्या. झडतीत मुलांची दोन हजारांहून अधिक अश्लील छायाचित्रे सापडली. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्या धक्क्यातून, आणि त्यानंतर गोव्यातल्या कार्यकर्त्यांनी चिकाटीने केलेल्या कामातून, २००३ चा गोवा बाल कायदा आला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा देशाने २०१२ साली केला. त्याच्या नऊ वर्षे आधी या इवल्याशा राज्याने मुलांसाठी स्वतःचा कायदा केला, स्वतंत्र बाल न्यायालय उभारले, नातेवाईक सोबत नसलेल्या मुलाला हॉटेलच्या खोलीत प्रवेश देऊ नये असे बंधन घातले आणि छायाचित्रे धुणाऱ्या स्टुडिओंवरही जबाबदारी टाकली. याचा मला अभिमान आहे. पण हा कायदा नीट वाचला तर दिसते की त्याची नजर गुन्हेगारावर आहे. मुलाला वाईट माणसापासून कसे वाचवायचे, याचा त्यात बारीक विचार आहे. वाचवून आणल्यावर ज्या घरात ठेवले ते घर कसे चालते, हे कोण आणि केव्हा पाहणार, याचा विचार तितका बारीक नाही. पीट्सचे दुकान वर्षानुवर्षे चालले ते काय फक्त त्याच्या धूर्तपणामुळे? भले काम करणाऱ्याला काही विचारायचे नसते, हा आपला जो सभ्य संकोच आहे, त्याने त्याला कितीतरी जास्त आडोसा दिला. तोच संकोच परवा फोंड्याला 'निष्ठेवर शंका' या शब्दांत पुन्हा ऐकू आला.

मुलाचे पालकत्व सत्तेने घ्यायचे आणि त्या पालकत्वाचा जाब कोणी विचारायचा नाही, याचा अनुभव तर आपल्या भूमीला त्याहून कितीतरी जुना आहे. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाच्या नावाने हुकूम निघाला की गोव्यातल्या हिंदूंची पोरकी मुले ताब्यात घेऊन जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजच्या स्वाधीन करावीत. पुढे या हुकुमाचा अर्थ ताणला गेला. आई जिवंत असली तरी बाप गेलेले मूल पोरके धरले जाऊ लागले. ज्याच्या नावाने तो हुकूम निघाला तो राजा सेबास्तियांव तेव्हा पाच वर्षांचा होता, आणि जन्मण्यापूर्वीच त्याचा बाप गेला होता. ही आठवण मी जुन्या जखमेवरची खपली काढायला सांगत नाही, आणि आजच्या कोणत्याही धर्माच्या माणसाने ती अंगाला लावून घ्यावी असेही नाही. हुकूम काढणाऱ्यांच्या मनात आपण मुलांचे कल्याणच करत आहोत याबद्दल शंका नव्हती, एवढेच मला दाखवायचे आहे. कल्याणाची खात्री सत्तेला नेहमीच असते. म्हणून तिची खात्री हा पुरावा होत नाही. त्या मुलांना काय वाटले, त्यांचे काय झाले, याची नोंद कोणी ठेवली? नोंद ठेवणारेही तेच होते.

आता विरोधकांचे मुद्दे. ते हलके नाहीत.

पहिला मुद्दा असा की देखरेख आहेच, आणखी कशाला? राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे, तपासणी समित्या आहेत, सरकारी कारभाराचे लेखापरीक्षण करणारा कॅग आहे, उच्च न्यायालय आहे. हे खरे आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ५४ सांगते की तपासणी समितीने प्रत्येक संस्थेला तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची, पथकात किमान तिघे हवेत, त्यात एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा. पण या समित्या नेमते राज्य सरकार, आणि त्यांचा अहवाल जातो त्याच यंत्रणेच्या टेबलावर. शिवाय त्या संस्था पाहतात. संस्थेवर देखरेख करणाऱ्या खात्याला कोण पाहते? त्यासाठी लगेच पुढचे कलम ५५ आहे. या सगळ्या यंत्रणेचे स्वतंत्र मूल्यमापन सरकार 'करू शकेल', असे ते म्हणते. इंग्रजी मसुद्यात तिथे 'मे' आहे, 'शॅल' नाही. सरकारी कागदावर ज्याने आयुष्य काढले त्याला या एका शब्दाचे वजन विचारा. जे करता येईल ते आज करायचे नसते. आणि आयोग? राज्य आयोगाच्या अध्यक्षाची निवड करणाऱ्या समितीचे प्रमुख, २००५ च्या कायद्यानुसार, मुलांचे खाते सांभाळणारे मंत्रीच असतात. आयोगावरची माणसे तळमळीची असू शकतात, असतातही. पण परीक्षार्थ्याने परीक्षक निवडायचा या रचनेला कोणी स्वतंत्र म्हणू नये. उच्च न्यायालयापर्यंत कोणी याचिका नेली तरच गोष्ट पोचते, आणि बालगृहातले दहा वर्षांचे मूल याचिका करत नाही. राहिला कॅग. काटकसर, कार्यक्षमता, परिणामकारकता या तीन कसोट्यांवर कामगिरी तपासण्याची शिस्त कॅगकडे आहे, आणि माझ्या मते गोव्याने तिचाच आधार घ्यावा. पण कॅगला अख्ख्या राज्याचा कारभार पाहायचा असतो. बालकल्याणाचा नंबर कधी लागेल हे त्यांच्या नियोजनावर. आणि बालगृहात घाबरून गप्प बसलेल्या मुलाशी कसे बोलावे, हे महालेखापालांच्या कार्यालयातल्या माणसाने शिकलेले नसते. मीही शिकलो नव्हतो.

'तपासणी आहेच' या मुद्द्याला याहून खणखणीत उत्तर बिहारने दिले आहे. २०१७ मध्ये तिथल्या समाजकल्याण खात्याने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाला राज्यातल्या ११० निवारागृहांचे सोशल ऑडिट, म्हणजे ज्यांच्यासाठी काम चालते त्यांच्याशी बोलून केलेली तपासणी, करायला सांगितले. अहवाल २०१८ च्या एप्रिलमध्ये गेला आणि त्यातून मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले लैंगिक अत्याचार उजेडात आले. त्या बालिकागृहाला सरकारी भेटी होत नव्हत्या असे नाही. अधिकारी येत होते, रजिस्टर पाहत होते, सही करून जात होते. 'कोशिश'च्या तरुण कार्यकर्त्यांनी वेगळे काय केले? ते मुलींशी बोलले. घाई न करता, संस्थाचालकाची माणसे जवळ नसताना, त्यांना बोलू दिले. २०२० मध्ये ते बालिकागृह चालवणाऱ्या ब्रजेश ठाकूरला जन्मठेप झाली, ती या बोलण्यापासून सुरू झालेल्या वाटेवर. या अहवालाची दुसरी बाजू कमी लोकांना माहीत आहे. त्यात चांगल्या चाललेल्या संस्थांचीही नोंद होती. कुठे काय नीट होते आहे तेही लिहिले होते. फोंड्याच्या बाईंना मी हेच सांगू पाहत होतो, पण गोंधळात राहून गेले: बाई, तुम्ही चांगले काम केले असेल तर ते तुमच्या शब्दावर का राहावे? ते लेखी नको का?

यावर दुसरा मुद्दा येतो, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. ऑडिटनेही फसगत होते. लंडनच्या हॅरिंगे भागाचे उदाहरण घ्या. २००० साली तिथे आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिम्बिए घरच्या छळाने मेली. या मृत्यूची चौकशी करणाऱ्या लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या अहवालाने दाखवून दिले की तिला वाचवण्याच्या बारा संधी यंत्रणांच्या हातून निसटल्या होत्या. त्यानंतर कायदे बदलले, तपासणीची मोठी चौकट उभी राहिली. आणि २००७ मध्ये त्याच हॅरिंगेत सतरा महिन्यांचे एक मूल तसेच गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस तपासणी करणाऱ्या 'ऑफस्टेड'ने हॅरिंगेच्या बालसेवांना 'चांगल्या' असा शेरा दिला होता. वर्षभराने प्रत्यक्ष जाऊन खोल तपासणी केली तेव्हा त्याच सेवा 'अपुऱ्या' ठरल्या. मग ऑडिटचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर मी त्याला झिडकारणार नाही. खोटा निर्धास्तपणा देणारी तपासणी ही तपासणी नसण्यापेक्षा वाईट, हे मला मान्य आहे. पण पहिला शेरा कशावरून दिला होता? बहुतांशी हॅरिंगेच्या स्थानिक परिषदेनेच पुरवलेल्या आकड्यांवरून. म्हणजे माझीच दुधाची बिले. या उदाहरणातून ऑडिट नको हे सिद्ध होत नाही, तर ते कागदावर भागवू नये, हे होते. नमुन्यादाखल काही मुलांची प्रकरणे पहिल्या दिवसापासून शेवटापर्यंत उलगडायची. मुलाशी, त्याच्या आईशी, शाळेतल्या शिक्षिकेशी बोलायचे. न सांगता जायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. त्या मुलाने मला विचारले होते ना, उद्या येणार का?

तिसरा मुद्दा कर्मचाऱ्यांचा. कंत्राटावर राबणाऱ्या समुपदेशक, एकाच वेळी दहा वह्या भरणाऱ्या अंगणवाडी सेविका, रात्रपाळीला एकटी असलेली काळजीवाहिका. यांच्या मानेवर आणखी एक ऑडिट ठेवले तर त्या मुलांकडे बघतील की कागदांकडे? या तक्रारीत तथ्य आहे, आणि जे लोक 'दोषींना घरी पाठवा' म्हणतात त्यांनी ती कधी ऐकूनच घेतलेली नाही. वाईट ऑडिट नेहमी सर्वांत खालच्या माणसाला पकडते, कारण सही त्याची असते. मी सहकारी संस्थांत हे अनेकदा पाहिले. संचालकांच्या निर्णयाने बुडालेल्या कर्जासाठी नोटीस कारकुनाला. पण चांगल्या कामगिरी-लेखापरीक्षणाचा रोख वर असतो. एका काळजीवाहिकेकडे रात्री किती मुले? हे पद किती महिने रिकामे होते आणि ते भरण्याची फाईल कोणाकडे पडून होती? समुपदेशकाचे कंत्राट वर्षावर्षाने का लांबवले जाते, आणि दर वेळी नवा चेहरा समोर आला की मुलाचे काय होते? हे प्रश्न त्या कर्मचाऱ्यांनी स्वतः विचारले तर त्यांची बदली होईल. बाहेरच्या परीक्षकाने छापून विचारले तर वित्त खात्याला उत्तर द्यावे लागेल. खात्यातल्या प्रामाणिक माणसांना स्वतंत्र ऑडिटइतका दुसरा मित्र नाही, असे मी मनापासून मानतो.

गोपनीयतेचा मुद्दा लवकर संपतो. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते, आणि ती असायलाच हवी. गोव्यासारख्या ठिकाणी गावाचे नाव आणि वय सांगितले तरी मूल ओळखू येते. म्हणून अहवालात गाव येऊ नये, वय गटाने यावे, मूळ कागद सीलबंद राहावेत. पण ही गोपनीयता मुलाची आहे, खात्याची नव्हे. मुलाच्या चादरीत यंत्रणेने तोंड लपवू नये.

'आमचें गोंय ल्हान' हा मुद्दा मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. २०११ च्या जनगणनेत पंधरा लाखांनाही न पोचलेले राज्य, चाळीस आमदार. सगळे सगळ्यांना ओळखतात, काही बिघडले तर लगेच कळते, इथे मोठ्या राज्यांसारखी जड यंत्रणा कशाला? मला नेमके उलटे वाटते. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे कोणी कोणाविरुद्ध लिहीत नाही. अधीक्षक मावसभावाचा मेहुणा निघतो, समितीवरचा सदस्य देवळाच्या महाजनांत आपल्या शेजारी बसतो. स्वतंत्र माणूस गोव्यात शोधायचा कुठे, हा खरा प्रश्न. त्याचे माझे उत्तर असे: पथकाचा निम्मा भाग राज्याबाहेरचा असावा, नेमणूक महालेखापालांच्या शिफारशीने व्हावी, आणि मुलांशी बोलणारी माणसे समाजकार्य आणि बालमानसशास्त्र शिकलेली असावीत. लहान राज्याला हे झेपत नाही म्हणावे तर मेघालयाकडे बघा. तेही लहानच, आणि सोशल ऑडिटचा कायदा करणारे देशातले पहिले राज्य तेच ठरले, २०१७ साली. शिवाय ही कल्पना परदेशातून आलेली नाही. १९९४ मध्ये राजस्थानातल्या कोट किराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई घेतली, मजुरांसमोर हजेरीपट मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हाच ती या मातीत रुजली.

आणि गोव्यात तरी बाहेरच्या तपासणीचा एवढा संकोच कधीपासून आला? आपल्या देवळांचा जमाखर्च १९३३ च्या महाजनी कायद्यान्वये मामलेदाराच्या नजरेखालून जातो. देवाच्या पैशाचा हिशेब दिल्याने कोणत्या महाजनाच्या भक्तीवर शंका आली? बँकांची तपासणी रिझर्व्ह बँक करते. व्यवस्थापक अपमान झाला म्हणून रुसत नाही. तपासण्या असूनही बँका बुडतात हे मला कोणी सांगायला नको. म्हापसा अर्बनचा परवाना २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये रद्द झाला, तेव्हा माझ्या ओळखीतली माणसे पासबुके घेऊन फिरत होती. पण ती फिरत होती, बोलत होती, वर्तमानपत्रांत लिहीत होती, आमदाराच्या दारात बसत होती. मूल हा असा ठेवीदार आहे की ज्याला रांगेत उभे राहता येत नाही, ज्याच्या हाती पासबुक नाही आणि ज्याची ठेव, म्हणजे बालपण, बुडाली तर विमा महामंडळ परत देत नाही. ज्याला आवाज आहे त्याच्या पैशाला आपण बाहेरचा तपासनीस दिला. ज्याला नाही त्याला 'आमच्या निष्ठेवर विश्वास ठेवा' म्हणतो. हे कोणत्या न्यायात बसते?

शेवटचा आक्षेप माझ्याच मित्राचा आहे, आणि तो हताशेतून आलेला आहे. अहवाल होईल, कपाटात जाईल, आपल्याकडे हेच होते. त्याने लोकायुक्तांचे उदाहरण दिले. न्या. पी. के. मिश्रा २०२० च्या सप्टेंबरमध्ये गोव्याच्या लोकायुक्तपदावरून निवृत्त झाले तेव्हा त्यांनीच सांगितले होते की आपल्या २१ अहवालांपैकी एकावरही सरकारने कारवाई केली नाही. मी त्याला दुसरे उदाहरण दिले. बेकायदा खाणींवरचा शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला आणि १० तारखेला गोवा सरकारने खाणी थांबवल्या. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटाबद्दल मतभेद असतील. खाणपट्ट्यातल्या घरांनी त्याची किंमत मोजली, तीही मी पाहिली आहे. पण एक अहवाल सचिवालयात गेला आणि एक सभागृहाच्या पटलावर आला, हा फरक होता. म्हणून पटलावर मांडण्याची मुदत कायद्यात हवी, आणि खात्याने प्रत्येक शिफारशीपुढे 'मान्य', 'अमान्य' किंवा 'अमुक तारखेपर्यंत' असे लिहून देणे बंधनकारक हवे. सहकारात आम्ही याला दोषदुरुस्ती अहवाल म्हणतो. पतसंस्थेला तो द्यावा लागतो. बालगृहाला का नको?

बाहेरून मोजल्यावर काय दिसते याची एक चुणूक आपल्याकडे आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ मध्ये गोव्यातली पाच वर्षांखालची २०.१ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. पुढच्या, म्हणजे २०१९-२१ च्या पाहणीत ती २५.८ टक्के झाली. गोव्याचा नमुना लहान असतो, त्यामुळे दशांशावर फार भार देऊ नये हे मला कळते. तरी दिशा तर दिसते. साक्षरतेत, दरडोई उत्पन्नात, अर्भकमृत्यू रोखण्यात देशात पुढे असलेल्या राज्यात, लाडली लक्ष्मी आणि गृह आधार या सरकारी योजनांच्या रकमा घरोघरी पोचत असताना, चारातले एक मूल खुंटलेले. अंगणवाड्याही याच खात्याच्या. रक्कम बँकेत जमा झाली हे खाते सांगू शकते, आणि चोख सांगते. मूल वाढले का, हे बाहेरच्याने फूटपट्टी लावल्यावर कळले.

म्हणून पहिल्या लेखापरीक्षणात खर्च किती झाला हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी हे विचारावे: बाल कल्याण समितीपुढे आणलेल्या किती मुलांचा निर्णय कायद्याने घालून दिलेल्या चार महिन्यांत झाला, आणि ज्यांचा झाला नाही ती तेवढा काळ कुठे होती? घरी परत पाठवलेल्यांपैकी किती पुन्हा आली? किती भावंडांची ताटातूट झाली? अठरा पूर्ण झाल्यावर ट्रंक घेऊन बाहेर पडलेली मुले आज कुठे राहतात, काय करतात, आजारी पडली तर फोन कोणाला करतात? अशा मुलांना अठरानंतरही आधार देणारी अनुरक्षण सेवा कायद्यात आहे. ती किती जणांना मिळाली? १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन केल्यानंतर पहिला माणूस किती वेळात दारात पोचला? आणि एक प्रश्न भाषेचा. २००४ मध्ये वास्कोतली बायणाची वस्ती पाडली तेव्हापासून मी हा विचारत आलो आहे. वास्को, झुआरीनगर, मडगावच्या झोपड्यांतून यंत्रणेकडे येणाऱ्या कितीतरी मुलांची घरची भाषा कन्नड असते, कोणाची लमाणी, कोणाची हिंदी. त्यांच्या जबाबाचा, समुपदेशनाचा, निर्णयाचा कागद ज्या भाषेत होतो ती त्या मुलाला कळते का, हे आजवर कोणी मोजले? परीक्षकांच्या पथकात कन्नड जाणणारी एक तरी बाई असावी, तिच्या हातात रजिस्टर नसावे आणि तिच्याकडे भरपूर वेळ असावा. ती सकाळी येईल, स्वयंपाकघराच्या पायरीवर बसेल आणि दुसऱ्या दिवशीही येईल.